घोंगडीचा वास

माणसानं ताटावर बसून अन्न हुंगावं? कुत्र्यानं हुंगलं असतं तर साखराबाईंनी पायातलं काढून फेकलं असतं. पण हा पडला नांदेडचा रिटायर झालेला गुरुजी. अंगात धुतलेला सदरा, डोळ्याला चष्मा, आणि धपाट्याचा तुकडा मोडला की तोंडाच्या आधी नाकाशी नेतो. एकदा नाही, दर घासाला. धपाटं हुंगलं, शेंगदाण्याची चटणी हुंगली, ठेचा हुंगला, कवडीचं दही हुंगलं. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यानं आधी नाकाखालून फिरवला आणि मग तोंडाला लावला.

साखराबाई चुलीपुढून सगळं बघत होत्या. त्यांच्या हातच्या धपाट्यावर सोयरिकी जुळल्या होत्या, रुसलेले जावई घरी परतले होते. आणि आज एक परका माणूस त्यांचं धपाटं असं तपासत होता, जणू त्याला कुणी शिळंपाकं वाढलंय.

"म्या काय ईख घातलंय का गं त्यात?" त्या सुनेला म्हणाल्या, पाहुण्याला नेमकं ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात.

"आत्याबाई, हळू बोला. पाव्हणे हायेत."

"पाव्हणा असता तर हुंगला नसता. गिऱ्हाईक हाय, म्हणून हुंगून राहिला."

सून, तनुजा, दह्याचं वाडगं घेऊन पाहुण्यांकडं वळली. हे भांडण जुनं होतं. तिनं रानातल्या घराच्या दोन खोल्यांना रंग दिला, आंब्याखाली बाजा टाकल्या, मोबाईलवर फोटो चढवले आणि शहरातली माणसं सुटीला बोलवायला लागली. माणसं रेल्वेनं लातूर रोडला उतरायची, तिचा नवरा वैजनाथ त्यांना जीपमधून घेऊन यायचा. थंडीत हुरडा, उन्हाळ्यात पाडाचे आंबे, विहिरीवर आंघोळ, चुलीवरची भाकरी. माणसं खूश होऊन जायची. घरालाही बरे दिवस आले होते, हे साखराबाईंना कळत नव्हतं असं नाही. पण सुनेचं कौतुक त्यांच्या तोंडून निघायचं नाही. "आमच्या घरात अन्न वाढायचे. आता इकतेत," एवढंच त्या म्हणायच्या, आणि दिवसातून एकदा तरी म्हणायच्याच.

ह्या खेपेला तर तनुजानं कहरच केला. तिनं पाहुण्यांना येळवसेलाच बोलावलं. मार्गशीर्षातली ही अमावस्या आली की अर्धा लातूर जिल्हा घराला कुलूप लावून रानात जातो. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, त्यांना ओल्या तुरी-वाटाण्याच्या दाण्यांची भज्जी, उंडे, खीर आणि आंबिलीचा निवद दाखवायचा. मग येईल त्याला जेवू घालायचं. तू कोण, कुठला, हे विचारायचं नाही. वाटेवरचा माणूस हाताला धरून ओढून आणायचा. आणि सगळ्यांना आंबील एकाच बिंदगीतून, म्हणजे एकाच मातीच्या घागरीतून वाढायची, हा साखराबाईंच्या सासूनं घालून दिलेला नेम. पांडवांना जी आंबील, तीच मालकाला, तीच सालगड्याला, तीच वाटसराला.

ती आंबील साखराबाई दुसऱ्या कुणाला करू देत नसत. ज्वारीचं पीठ घरच्या ताकात कालवून आंबायला ठेवायचं, मग शिजवायचं, लसूण, मिरची, जिरं वाटून लावायचं, बिंदगीत भरायचं, आणि बिंदगी काळ्या घोंगडीत गुंडाळून आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवून द्यायची. थंडीच्या दिवसांत तिला ऊब लागते. येळवसेच्या सकाळपर्यंत घोंगडी उघडायची नाही. ह्या वर्षीची बिंदगीही तशीच बसली होती, लेकुरवाळी बाई बसावी तशी.

सकाळी पाहुणे आंघोळीला गेले. तनुजा भज्जीच्या शेंगा सोलायला रानात गेली, वैजनाथ कोप बांधत होता. साखराबाई आतल्या खोलीत एकट्या होत्या. त्यांनी घोंगडीवर हात ठेवला आणि त्यांच्या डोळ्यापुढं ते नाक आलं. पांडवांच्या आंबिलीवर वाकलेलं, तपासणारं नाक.

"न्हाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "हिच्यात न्हाई घालू देणार."

त्यांनी दुकानातून आलेल्या ताकाच्या पिशव्या फोडल्या. ज्वारीचं पीठ त्यात कालवून चुलीवर ढवळलं. आंबटपणा कुठून येणार? त्यावर लिंबू पिळलं. लसूण-मिरची सढळ हातानं टाकली, म्हणजे जिभेला शंका यायला नको. आणि ते त्यांनी दुसऱ्या बिंदगीत भरलं. दोन्ही बिंदग्या एकाच कुंभाराच्या, दोन्हींवर चुन्याचे सारखेच पट्टे. खरीच्या गळ्याला त्यांनी खुणेसाठी कडब्याची पात बांधली. पैसे देऊन आले ते गिऱ्हाईक, त्यांना गिऱ्हाइकाची आंबील. मनाशी त्यांनी असा हिशेब लावला आणि तो त्यांना चोख वाटला.

रानात ऊन चढलं. ज्वारी पोटरीतून बाहेर पडून हुरड्याला आली होती, हरभरा घाट्यावर होता. रेणुकादास गुरुजी आज कालच्यापेक्षा निराळे दिसत होते. पँटची टोकं दुमडून ते सरीतून चालत होते, हरभऱ्याचा शेंडा खुडून चोळत होते, आणि हो, हुंगतही होते. त्यांची बायको चंद्रप्रभाबाई बांधावरून म्हणाल्या, "अहो, जपून. पाय घसरेल." ते लहान मुलासारखे हसले.

पूजा झाली. पळसाच्या पत्रावळी पडल्या. तनुजानं भज्जी वाढली, बाजरीचे उंडे वाढले, तिळाची पोळी, गव्हाची खीर. आंबील वाढायला साखराबाई स्वतः उठल्या. पाहुण्यांच्या पंगतीला त्यांनी पात नसलेली बिंदगी कलती केली.

गुरुजींनी पेला दोन्ही हातांत धरला. बाकीचं ताट तसंच ठेवून आधी तोच उचलला. नाकाशी नेला. बराच वेळ धरला. मग घोट घेतला, डोळे मिटले, पुन्हा नाकाशी नेला. साखराबाईंनी मान फिरवली. बघ, बघ किती तपासायचं ते.

"चांगली आहे हो, आक्का," गुरुजी म्हणाले. मर्तिकाच्या घरी 'बरं आहे' म्हणतात ना, तसा आवाज होता. "माझे वडील जळकोटच्या बाजूला शाळामास्तर होते. आम्हाला शेत नव्हतं. पण येळवसेला आम्ही पोरं दिसेल त्या रानात घुसायचो. कुणी हाकललं नाही कधी. उलट ओढून बसवायचे. तेव्हा आंबिलीला एक वास यायचा. घोंगडीचा. ओल्या लोकरीचा, धुराचा, जरा मेंढरांचा. वास तसा काही चांगला नाही, पण तो आला की समजायचं, येळवस आली."

"मग?" साखराबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मग काय, आज तोही नाही आला." त्यांनी पेल्यात बघितलं. "तुमच्या आंबिलीचा दोष नाही, आक्का. माझंच नाक गेलं."

आणि उरलेली आंबील त्यांनी औषध प्यावं तशी एका दमात पिऊन टाकली. अन्न टाकायचं नाही म्हणून. त्या पेल्यात घोंगडीचा वास कुठून येणार होता? ती बिंदगी घोंगडीच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती. हे तिथं एकट्या साखराबाईंना ठाऊक होतं. हातातली बिंदगी त्यांना एकाएकी जड झाली.

जेवणानंतर चंद्रप्रभाबाई हौदावर हात धुवायला आल्या. साखराबाई तिथं उगाच एक भांडं पुन्हापुन्हा घासत होत्या.

"राग मानू नका हं, आजी," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "काल तुम्ही म्हणालात ते ऐकू आलं मला. ह्यांना त्या साथीत ताप आला होता ना, तेव्हापासून वास येत नाही. खारट, गोड एवढं कळतं, बाकी सगळं माती. डॉक्टर म्हणाले, रोज काही ना काही हुंगत राहा, कदाचित परत येईल. म्हणून दर घास हुंगतात. लोक हसतात, मला लाज वाटते, पण मी थांबवत नाही. एवढी एकच आशा होती त्यांना."

"होती?"

"म्हणायचे, आंबिलीचा वास आला तर बाकीचे येतील. तनुजाचे फोटो बघून स्वतः तिकिटं काढली. गाडीत परळीपर्यंत त्या घोंगडीचंच चाललं होतं. आज जेवता जेवता म्हणाले, झालं, आता नको हुंगणं. पोटात ढकलायचं तेवढं ढकलू. ताटावर बसतात आणि चार घासांत उठतात हो. सदरा बघितलात ना, कसा लोंबतोय अंगावर?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "उद्या हुरडा खाऊन जाणार होतो. पण ते म्हणतात, आज संध्याकाळच्याच गाडीनं निघू. इथं बसून काय करायचं?"

एरवी साखराबाई सगळ्या गावाला फैलावर घेत. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या आणि भांडं पालथं घातलं.

तेवढ्यात बांधावरून वैजनाथचा आवाज आला. सडकेनं एक सायकलवाला चालला होता, त्याला तो हाक मारत होता. "ओ पाव्हणं, या की! येळवस हाय!" सायकलवाला आला, मांडी घालून बसला. वैजनाथनं कडब्याची पात बांधलेली बिंदगी उचलली, कारण ती जवळ होती, आणि त्याचा पेला काठोकाठ भरला. माणूस गटागटा प्याला, मिशा पुसल्या, "लई झ्याक" म्हणाला, आणखी घेतली आणि आपल्या वाटेनं गेला. ना नाव, ना गाव.

साखराबाई बघत राहिल्या. वाटेनं जाणाऱ्याला पांडवांची आंबील मिळाली. तिच्यासाठी नांदेडहून गाडीत बसून आलेल्याला लिंबाचं पाणी. सासू असती तर तिनं त्यांना ह्या कोपीत पाय ठेवू दिला नसता.

वैजनाथ पाहुण्यांना घेऊन स्टेशनकडं निघाला. जाताना गुरुजी साखराबाईंच्या पाया पडायला वाकले. वयानं दोघं जवळपास सारखेच, तरी वाकले. "त्रास दिला तुम्हाला," म्हणाले. साखराबाईंनी पाय मागं घेतले. जीपची धूळ बसेपर्यंत त्या बांधावर उभ्या होत्या.

ऊन कलायला लागलं. आता शेवटचं काम राहिलं होतं, चर शिंपायचं. बिंदगीच्या तळाशी उरलेली आंबील रानाच्या चारी कडांनी शिंपडायची. तो रानाचा वाटा. माणसानं त्याला तोंड लावायचं नाही. तनुजानं पात बांधलेली बिंदगी उचलली.

"ठेव ती," साखराबाई म्हणाल्या.

"कामून? सूर्य बुडायच्या आत शिंपाय पाहिजे की."

"गुरुजीला न्यायची हाय."

"त्यांनी पिली की दुपारी. तुम्हीच वाढली."

"ती न्हवं."

तनुजानं सासूकडं बघितलं. मग कोपीच्या सावलीत कलंडलेल्या दुसऱ्या बिंदगीकडं बघितलं. तिच्या काठाला लिंबाची बी चिकटली होती. लिंबू आणि आंबील, हे ह्या घरात कधी घडलं नव्हतं. तिला सगळं समजलं. साखराबाईंनी खाली बघितलं. सुनेसमोर खाली बघायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"दोन बिंदग्या?" तनुजा हळू म्हणाली. "येळवसेला? आत्याबाई, मला तर रोज ऐकवून राहिलाव, अन्न इकतीस म्हणून. म्या इकलं, पर जे आपण खातो तेच इकलं."

"बोल," साखराबाई म्हणाल्या. "आणखी बोल. आज तुजा दिवस हाय. पर बोलता बोलता गाडी जाईल."

"रानाचा वाटा हाय तो."

"रान समजून घेईल. त्याला म्या लई वर्सं घातलंय." त्यांनी वाकून बिंदगीतली ओंजळभर आंबील काढली आणि ज्वारीच्या पहिल्या धाटाच्या बुडाशी सोडली. "एवढ्यावर भागव रं बाबा औंदा," त्या ज्वारीला म्हणाल्या. मग घरात जाऊन त्यांनी घोंगडी आणली आणि बिंदगी तिच्यात पहिल्यासारखी गुंडाळली, सोबत एक तांब्याही बांधला.

घरी जीप नव्हती. उरली तनुजाची स्कूटी. त्या स्कूटीला साखराबाई 'गाढवाचं शिंगरू' म्हणायच्या. मेले तरी हिच्यावर बसणार न्हाई, असं त्यांनी चार बायकांत सांगितलं होतं. तनुजानं ती चालू केली आणि नुसती मागं बघत राहिली.

"बघतीस काय? सरक फुडं," साखराबाई म्हणाल्या आणि लुगडं सावरून मागं बसल्या. घोंगडीतलं गाठोडं मांडीवर, एक हात त्याच्यावर, दुसरा सुनेच्या खांद्यावर. खड्डा आला की दोन्ही हात घट्ट व्हायचे.

वाटेत त्यांच्या मनात दुसरंच भ्या शिरलं. ही खरी आंबील, खरी घोंगडी. आणि एवढं करून ह्याचाही वास गुरुजीला आला नाही तर? मग तर त्याची उरलीसुरली आशाही आपणच नेऊन बुडवली. जाऊ द्यावं का? गाडी निघून गेली असेल तर बरं. असं त्यांना वाटलं, आणि असं वाटलं म्हणून स्वतःचीच चीड आली.

"हळू कामून चालवून राहिलीस?" त्या तनुजाच्या कानात ओरडल्या. "दाब की!"

गाडी गेली नव्हती. फलाटावर गुरुजी बाकावर बसले होते. तनुजानं बांधून दिलेल्या तिळाच्या पोळ्यांचा पुडा शेजारी, चहाचा कागदी कप हातात. चहा तसाच गार झालेला. वैजनाथनं आईला घोंगडीचं गाठोडं घेऊन येताना बघितलं आणि तो उभाच राहिला.

"आई? स्कूटीवर आलीस?"

"गप बस," साखराबाई म्हणाल्या आणि गुरुजींच्या शेजारी टेकल्या. दम लागला होता. घोंगडीची गाठ त्यांनी सोडली नाही. "गुरुजी, जरा आंबील घ्या."

"आता नको, आक्का. पोट भरलंय."

"पोटासाठी न्हाई आणली."

"मग कशाला? दुपारी घेतली की मी." ते कसंनुसं हसले. "त्यात माझ्यासाठी काही नाही हो. कशाला पुन्हा?"

साखराबाईंनी गाठ सोडली. तांब्या बाहेर काढला, बिंदगी त्यात ओतली. दाट, करड्या रंगाची आंबील संथपणे उतरली. तळाची, म्हणून चांगलीच आंबलेली. लांबून भोंगा ऐकू आला. फलाटावरची माणसं सामान उचलायला लागली.

"अहो, गाडी आली," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"येऊ द्या तिला," साखराबाई म्हणाल्या. तांब्या त्यांनी गुरुजींच्या हातात दिला आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या नाकाशी नेला. "हुंगा."

गुरुजींनी मान मागं घेतली.

"हुंगा म्हणते न्हवं! काल काय सपाटा लावला होता. आता कामून लाजून राहिलाव? चांगलं दमानं हुंगा."

त्यांनी चष्मा काढून बायकोकडं दिला. डोळे मिटले. नाक तांब्यावर टेकवलं. एक श्वास घेतला. काही नाही. कपाळावर आठी चढली. दुसरा घेतला. साखराबाईंची बोटं घोंगडीच्या काठात रुतली होती. गाडीचं इंजिन धडधडत पुढं निघून गेलं, डबे हळू झाले. गुरुजींनी तिसरा श्वास घेतला आणि तो तसाच धरून ठेवला.

"मेंढरं," ते म्हणाले.

चंद्रप्रभाबाईंनी उचललेली पिशवी खाली ठेवली.

"बारीक आहे. फार बारीक. लांबच्या रानात कळप बसावा तसं." त्यांनी घाईनं घोट घेतला, पुन्हा हुंगलं, हनुवटीवरून ओघळ सदऱ्यावर आला तरी त्यांना पत्ता नव्हता. "प्रभा, लोकर आहे गं. ओली लोकर. धूर नाही येत अजून, पण लोकर आहे." मग त्यांनी तांब्या खाली केला आणि साखराबाईंकडं वळले. चेहऱ्यावर गोंधळ होता. "पण मग दुपारी का नाही आला? बिंदगी तर तीच."

वैजनाथनं आईकडं बघितलं. तनुजानं मात्र नजर रुळांकडं वळवली. सासूला वाट मोकळी ठेवावी म्हणून.

लोक डब्यांत चढत होते. 'ऊन लागलं असंल, बसून बसून उतरली असंल,' असं काहीतरी सांगून निभावता आलं असतं. गुरुजींनी ते मानलंही असतं. साखराबाई उठल्या, तिळाच्या पोळ्यांचा पुडा त्यांच्या काखेत दिला, दंडाला धरून त्यांना डब्याच्या दारापर्यंत नेलं. ते पायरीवर चढले, मागं वळले. मग सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या, कारण हळू बोलणं त्यांना येतच नव्हतं.

"तुमच्या नाकाला काय झालं न्हाई, गुरुजी. नासलं ते माझं मन. दुपारची आंबील खोटी होती, दुकानच्या ताकाची, लिंबू पिळलेली. म्या मुद्दाम केली, तुम्ही माझं धपाटं हुंगलं म्हणून. तेव्हा हुंगणं सोडू नका. रोज हुंगा, आणि खाऊन जगा. फुडल्या येळवसेला या, पैसे देऊन येऊ नका, जळकोटच्या पोरासारखं रानात घुसा. पर एक तुमचंबी चुकलं, ते सांगते. कुणाच्याबी ताटावर नाक न्यायच्या आधी रांधणारणीला सांगत जावं की, बाई, मला वास येत न्हाई. न सांगता हुंगलं की तिला वाटतं, तुम्ही तिलाच हुंगून राहिलाव."